मदत हवी आहे: मोडी रुमालातले (कापडात बांधलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यातले) चिकटलेले बंद, म्हणजे सुटे कागद, कसे सोडवावेत?

शिरपूरकडच्या एका घराण्याच्या दप्तरातला रुमाल आहे. साधारण ४० बंद, त्यातले मधले १०-१२ ओल लागून एकमेकांना चिकटलेत. कागद हाताचा, खळ देऊन घोटलेला. चिकटवलंय ते त्या खळीनेच. शाई काजळीची, डिंकातली. पाण्याचा थेंब पडला की अक्षर पसरतं, म्हणून थेट ओलावा द्यायचा नाही हे नक्की.

विचार असा आहे: झाकणाच्या डब्यात तळाला ओला टिपकागद, वर जाळी, जाळीवर बंद. दमट झाले की बांबूची पातळ पट्टी सरकवत कोपऱ्यापासून सोडवायचे. जास्त ठेवले तर बुरशी येते, आणि खान्देशातल्या एप्रिलच्या हवेत बाहेर काढताच कडा वाळून वळतात. तुम्ही किती तास ठेवता? वजनाखाली वाळवताना टिपकागद किती वेळा बदलता?

वरच्या बंदावर ‘सन इसन्ने सबैन मया व अलफ’ आहे, म्हणजे अरबी आकड्यांत लिहिलेलं सुहूर सन (जुन्या मराठी दप्तरांतली कालगणना) ११७२, इसवी १७७१-७२. एकही अक्षर गमवायचं नाही. सेलोटेप, फेविकॉल कृपया सुचवू नका. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात किंवा इतरत्र असे कागद हाताळलेल्यांनी जरूर लिहा.