डोळ्यांच्या आरोग्याचा शाश्वत विकासाशी नेमका संबंध काय?

मृण्मयी_क
शाश्वत विकासाची ती 17 उद्दिष्टं वाचत होते, त्यात डोळ्यांचं नाव कुठेच सापडलं नाही. पण 2021 च्या जुलैमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने यावर ठराव एकमताने मंजूर केलाय, ज्यांना आज उपचार मिळत नाहीत अशा 110 कोटी लोकांपर्यंत 2030 पर्यंत पोचायचं असं त्यात आहे. मग हा नुसता आरोग्याचा विषय आहे की गरिबी, शिक्षण यांच्याशी खरंच जोडता येतो? ठोस उदाहरणं असतील तर प्लीज सांगा.

अनिकेत७
खरंच जोडता येतो, आणि सगळ्यात सरळ पुरावा चाळिशीच्या चष्म्याचा आहे. आसामच्या चहामळ्यात पानं खुडणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या कामगारांवर एक अभ्यास झाला, 2018 ला लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आलाय, त्यात एका गटाला जवळचा चष्मा लगेच दिला आणि दुसऱ्याला अभ्यास संपल्यावर, तर चष्मावाल्यांची खुडणी दुसऱ्या गटापेक्षा जवळजवळ 22 टक्के जास्त वाढली. काम तेच, मळा तोच. नंतर 2024 मध्ये बांगलादेशातला अभ्यास आला, तिथे शिवणकाम, हस्तकला असली जवळून बघायची कामं करणारे बरेच होते, चष्मा मिळालेल्यांचं उत्पन्न आठ महिन्यांत साधारण 33 टक्के वाढलं. यात ना ऑपरेशन, ना औषध, फक्त साधा रेडिमेड चष्मा. गरिबी कमी करायला इतका थेट उपाय मला तरी दुसरा माहीत नाही.

वैदेही_लिहिते
अनिकेत म्हणतायत ते बरोबरच, पण मला वाटतं जमीन आणि पाण्याची बाजू जास्त बोलली पाहिजे. पश्चिम आफ्रिकेत नदीकाठच्या सुपीक जमिनी लोकांनी सोडून दिल्या होत्या, कारण वेगाने वाहणाऱ्या पाण्यात वाढणारी काळी माशी चावायची, तिच्यातून शरीरात जंत जायचे आणि माणसं आंधळी व्हायची. 1974 ला मोठी मोहीम सुरू झाली, आधी माशीच्या अळ्या मारायच्या फवारण्या, पुढे आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या, 2002 ला ती संपली तोवर जवळपास अडीच कोटी हेक्टर जमीन परत वस्तीला आणि शेतीला मिळाली. म्हणजे डोळ्यांच्या एका रोगाला आवर घातला आणि धान्य पिकायला लागलं!

खुपरीचं, म्हणजे ट्रॅकोमा या डोळ्यांच्या संसर्गाचं, उलटं आहे, तिथे पाणी आणि संडास नसणं हेच मूळ. तोंड धुवायला पाणी नाही, घाणीवर माश्या, मुलांकडून संसर्ग आईला, पुन्हा पुन्हा होऊन पापणी आत वळते, केस बुबुळावर घासतात आणि नजर जाते. म्हणून उपचारांच्या ठरलेल्या पद्धतीत ऑपरेशन आणि अँटिबायोटिकच्या बरोबरीने चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसर सुधारणंही येतं. नुसत्या गोळ्या वाटून भागत नाही.

मृण्मयी_क
हे फार उपयोगी आहे, दोघांचेही आभार. पण चष्मा इतका स्वस्त उपाय आहे तर मग अडतंय कुठे?

नेत्रसेवक
पोचण्यात अडतंय. नंबरमुळे लांबचं नीट न दिसणाऱ्यांपैकी फक्त 36 टक्के लोकांकडे योग्य चष्मा आहे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तपासणारी माणसं शहरात, तिथवर जायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि घरात पैसे कमी असले की बाईचे डोळे शेवटी, म्हणूनच उपचार न मिळालेल्यांत बायका आणि मुली निम्म्याहून जास्त आहेत. मुलांचं तर कळतच नाही हो, फळा दिसत नाही हे मूल सांगत नाही कारण त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं, आणि मास्तर म्हणतात अभ्यासात लक्ष नाही.

मोतीबिंदूला सर्जन लागतोच, पण चाळिशीचा चष्मा द्यायला गावातली शिकवलेली आरोग्यसेविका पुरते, मुलांची पहिली चाचणी शिक्षक तक्त्यावर घेऊ शकतात. आणि एक चांगली गोष्ट, 2021 मध्येच जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे त्याच संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, जे लक्ष्य ठरवलंय त्यात किती चष्मे वाटले हे मोजत नाहीत, चष्मा लावून माणसाला नीट दिसतंय का हे मोजतात. चुकीच्या नंबराचे चष्मे वाटून आकडा फुगवता येत नाही, त्यामुळे देशांनी तोच आकडा दरवर्षी जाहीर करावा असं मला फार वाटतं.