वाटेगावात अण्णाभाऊंचे स्मरण : आपले अनुभव सांगा

अण्णाभाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी तत्कालीन सातारा आणि आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात, वाटेगाव येथे झाला. शाळेत ते जेमतेम दीड दिवस टिकले, असे सांगितले जाते. पुढे आई-वडिलांबरोबर पायी मुंबई गाठून, गिरणीत घाम गाळून, लाल बावटा या कम्युनिस्ट कलापथकाचे फड गाजवून त्यांनी ३५ कादंबऱ्या, अनेक कथासंग्रह, लोकनाट्ये, पोवाडे, छक्कड आणि रशियाचे प्रवासवर्णन एवढा ऐवज मागे ठेवला. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले, तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशीही गाठलेली नव्हती. दरवर्षी १ ऑगस्टला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे वाटेगावात येतात, पुतळ्याला हार घालतात आणि ज्योत घेऊन आपापल्या गावी परततात. या दिवसाचे वर्णन वर्तमानपत्रांत येतेच. मला जाणून घ्यायचे आहे ते निराळे. त्यांच्या गावात आपल्याला अण्णाभाऊंचे कोणते पुस्तक आठवले, कोणते पान कुणाला वाचून दाखवावेसे वाटले आणि ते वाचल्यावर काय झाले, हे कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त शिक्षक, वाळवा तालुका

आमच्या शाळेतील आठवी-नववीच्या मुलांना घेऊन मी जयंतीच्या आदल्या दिवशी वाटेगावला जात असे, कारण प्रत्यक्ष जयंतीच्या गर्दीत वाचन होत नाही. ‘फकिरा’ कादंबरीतील जोगणीचा, म्हणजे ज्या गावाकडे असेल त्याला जत्रेचा मान देणाऱ्या देवीच्या चिन्हाचा, प्रसंग आम्ही गावातच बसून वाचायचो. शिगावची जोगणी वाटेगावला आणण्यासाठी राणोजी एकटा जातो, जोगणी घेऊन निघतो आणि मारला जातो. हा मजकूर वर्गात वाचला तर ती गोष्ट असते, परंतु वाटेगावात वाचला की मुले लगेच उठून शिगाव कोणत्या अंगाला आहे, राणोजी कोणत्या वाटेने आला असेल, शीव नेमकी कुठे लागत असेल, असे विचारू लागतात आणि आजूबाजूला बसलेली वयस्कर मंडळी हात करून दिशा दाखवू लागतात.

एका वर्षी आमच्या वर्गात शिगावकडचा एक मुलगा होता. राणोजीचा शिरच्छेद झाल्याचे वाचून होताच बाकीची मुले त्याच्याकडे पाहू लागली आणि त्याची मान खाली गेली. वाचन तेथे थांबवणे मला योग्य वाटले नाही. राणोजीचा मुलगा फकिरा मोठा होतो, पुन्हा जोगणीवरून झुंज होते आणि वैऱ्याचा जीव घेणे हाती असतानाही तो घेत नाही, त्या भागापर्यंत मी वाचत गेलो. संध्याकाळ होत आली होती, तरी कुणी निघू या म्हणाले नाही. फकिराच्या बापाच्या मारेकऱ्यांच्या गावाविषयी लिहितानाही अण्णाभाऊंनी त्या गावाला काळे फासलेले नाही. रामोशी, मांग, महार, कुलकर्णी, पाटील ही सगळी माणसे त्यांनी बऱ्या-वाईट करणीसकट उभी केली आहेत. दुष्काळात उपाशी माणसांच्या बाजूने उभे राहणारे विष्णुपंत कुलकर्णी त्याच कादंबरीत आहेत. १९५९ साली आलेली आणि १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळालेली ही कादंबरी बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली आहे, एवढे आमच्या मुलांना पाठ असे. मात्र शेजारच्या गावातल्या मुलाला सोबत घेऊन ती वाचता येते, हे त्यांना त्या दिवशी समजले आणि माझ्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे होते.

चिरागनगर, घाटकोपर येथे वाढलेली एक वाचक

आमच्या वस्तीत अण्णाभाऊ राहत होते, त्यामुळे लहानपणी मला ते घाटकोपरचेच वाटत. माझ्या आजोबांनी लाल बावट्याचे कार्यक्रम उभे राहून पाहिले होते. शाहीर अमर शेख, द. ना. गव्हाणकर आणि अण्णाभाऊ एका मंचावर आले की मैदान कसे भरून जाई, हे ते आम्हांला रंगवून सांगत. आजोबा गेल्यानंतर मी आईसह प्रथमच वाटेगावला गेले. तेथील एका ओसरीवर काही बायका बसल्या होत्या. आम्ही मुंबईहून, अण्णाभाऊंच्या वस्तीतून आलो आहोत, हे कळताच त्यांनी आम्हांला पाणी दिले आणि त्यांतील एक आजी म्हणाल्या, “आमचं लेकरू तुम्ही संभाळलंत.” अण्णाभाऊंना सांभाळण्याइतके बळ त्या झोपडपट्टीत कुणाकडेच नव्हते, हे मला ठाऊक आहे. तरीही ते वाक्य ऐकून आई बराच वेळ बोलू शकली नाही.

त्या बायकांना मी ‘स्मशानातलं सोनं’ वाचून दाखवले. त्या कथेतला भीमा वारणेकाठचाच आहे. पोटासाठी तो मुंबईच्या उपनगरात येतो, खाणीत दगड फोडतो, खाण बंद पडल्यावर मढी उकरून त्यांच्या तोंडातले सोने शोधू लागतो आणि एका रात्री त्याची बोटे प्रेताच्या जबड्यात अडकतात. बोटे गमावून तो घरी येतो आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. शेवट ऐकून एक बाई म्हणाल्या की त्यांचे दीर असेच खाणीच्या कामाला गेले होते आणि पुढे त्यांचा पत्ताच लागला नाही. मग ओसरीवर मुंबईला गेलेल्या माणसांची नावे निघत राहिली. कोण गिरणीत होते, कोण गोदीत होते, कुणाचे पत्र कधी आले, हे त्या एकमेकींना सांगत होत्या. मला वाटते, वाटेगावच्या कार्यक्रमांत मुंबईचे अण्णाभाऊ फार थोडे येतात. पोवाडे, ‘माझी मुंबई’सारखी लोकनाट्ये आणि कामगारवस्तीच्या कथा या गावातून बाहेर पडलेल्या माणसाने लिहिल्या आहेत आणि त्या ऐकायला गावात आजही अशी घरे आहेत.

निपाणी येथील वाचक

आम्ही सीमाभागातील लोक वाटेगावला जातो ते ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीमुळे. ती केवळ विरहाची लावणी म्हणून गाणाऱ्यांना तिचा शेवट बहुधा माहीत नसतो. गावाकडे राहिलेल्या मैनेपासून गडी जसा तुटला, तसा बेळगाव, कारवारसारखा भाग महाराष्ट्रापासून तुटला, असे अण्णाभाऊंनी त्या शेवटी सरळ सांगितले आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ही रचना गर्दीपुढे गायली गेली. पुढे महाराष्ट्र राज्य झाले, परंतु आमचे गाव त्यात आले नाही. वाटेगावातील मंचावर आमच्यातील एका वयस्कर गायकाने ती संपूर्ण गायिली, तेव्हा सुरुवातीला टाळ्यांनी ठेका धरणारे तरुण शेवटाच्या ओळींना शांत झाले. दोन-तीन मुलांनी नंतर आमच्यापाशी येऊन निपाणीची परिस्थिती विचारली. आमच्या दृष्टीने त्या दिवशीचा कार्यक्रम तेवढ्याने सार्थकी लागला.

ज्योत घेऊन जाणारा तरुण, लातूर जिल्हा

आमच्या गावातील मुले पावसात धावत ज्योत नेतात. ज्योत गावात पोहोचते तेव्हा वस्तीतील बाया ओवाळायला उभ्या असतात. या प्रथेला काही जण नुसता गाजावाजा म्हणतात, ते मला पटत नाही. ज्या समाजाला गावाच्या मुख्य रस्त्यावरून वाजतगाजत जाणे नाकारले गेले, त्याने आपल्या लेखकाच्या नावाने त्याच रस्त्यावरून धावणे ही मोठी गोष्ट आहे. एक मात्र मान्य करावे लागेल. आमच्या फलकावर ‘जग बदल घालुनी घाव’ ही ओळ दरवर्षी असते आणि पुढची रचना आमच्यापैकी कुणालाच येत नसे. गुलामगिरीच्या चिखलात ऐरावत का रुतून बसला, असा जाब त्या गीतात आम्हांलाच विचारलेला आहे. आता ज्योत निघण्यापूर्वी आम्ही पूर्ण गीत म्हणतो.

ग्रामीण वाचनालयातील ग्रंथपाल, सांगली जिल्हा

माझे निरीक्षण थोडे कडू आहे, परंतु ते या चर्चेत यायला हवे. आमच्या वाचनालयाच्या देवघेव नोंदवहीत ‘फकिरा’ सतत फिरत असते. तिची पाने सुटली, बांधणी पुन्हा करून घेतली, तीही सैल झाली. ‘वारणेचा वाघ’ अधूनमधून जाते. ‘वैजयंता’ चित्रपट पाहिलेले जुने लोक मागतात. ‘चित्रा’, ‘माकडीचा माळ’, ‘अलगुज’, ‘आवडी’, ‘रानगंगा’ मात्र वर्षानुवर्षे कपाटातून हलत नाहीत. माकडाचे खेळ करणाऱ्या भटक्या माणसांच्या पालावरचे जगणे ‘माकडीचा माळ’मध्ये ज्या बारकाव्याने आले आहे, तसे त्या काळच्या मराठी कादंबरीत क्वचितच सापडेल. तमासगीर स्त्रीच्या वाट्याला येणारे जिणे ‘वैजयंता’त आहे. आपला लेखक बहुप्रसव होता, हे आपण भाषणात अभिमानाने सांगतो आणि त्याचे एकच पुस्तक वाचतो.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांचे निवडक वाङ्मय एका मोठ्या ग्रंथात प्रसिद्ध केले, ही चांगली सोय झाली. पण तो जाडजूड ग्रंथ शेतमजुरीला जाणारी बाई रात्री हातात धरून वाचू शकत नाही. तिला एक सुटी, हलकी कादंबरी लागते. म्हणून आम्ही जुलै महिन्यात कमी वाचल्या जाणाऱ्या कादंबऱ्या वेगळ्या काढून ठेवतो आणि वाटेगावला निघालेल्या प्रत्येक गटाला त्यांतील एक देतो. अट एवढीच की तिथे बसून त्यातील एक प्रकरण मोठ्याने वाचायचे. सगळे गट वाचतातच असे नाही. वाचणाऱ्यांपैकी काही जण मात्र पुस्तक परत करायला येतात तेव्हा उरलेली कादंबरी वाचूनच येतात.

कृष्णाकाठची एक गृहिणी

२०१९ च्या १ ऑगस्टला जन्मशताब्दी वर्ष सुरू झाले आणि आठवड्याभरातच आमच्याकडे महापूर आला. आम्ही शाळेतील निवारा केंद्रात होतो. जयंतीत मिळालेली ‘कृष्णाकाठच्या कथा’ची प्रत माझ्या मुलीच्या पिशवीत होती. मोठ्याने वाचायला सुरुवात तिने केली, नंतर एकेक बाई पुढे होऊन वाचू लागली. ज्या नदीने घरात शिरून चूल विझवली होती, तिच्याच काठच्या माणसांच्या कथा आम्ही ऐकत होतो आणि त्यातील माणसे आमच्यासारखीच हट्टी होती. पुढल्या वर्षी शताब्दी पूर्ण झाली तेव्हा करोनामुळे वाटेगावला जाता आले नाही. त्या दिवशी आम्ही घरातच तो संग्रह पुन्हा वाचला.

निवृत्त शिक्षकांची पुरवणी

ग्रंथपाल महोदयांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे आणि त्यावर एक सूचना करतो. जयंतीला गर्दी होणारच आणि ती व्हायलाही हवी. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा बसला, त्या वेळी वाटेगावात साखर वाटली गेली असेल तर त्यात वावगे काहीच नाही. परंतु १८ जुलैला, त्यांच्या स्मृतिदिनी, गाव तुलनेने मोकळे असते. त्या दिवशी ‘फकिरा’ सोडून दुसरी एखादी कादंबरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाळीपाळीने वाचावी. यंदा ‘माकडीचा माळ’ घ्यावी, असे मला वाटते. घाटकोपरच्या ताईंनी चिरागनगरातील मंडळींना आणावे, निपाणीकरांनी यावे, लातूरच्या मुलांनी पूर्ण गीत म्हणावे. ग्रंथपालांनी चार-पाच प्रती आणल्या तर बैठकीची आणि जेवणाची व्यवस्था आमच्या शाळेचे माजी विद्यार्थी पाहतील. शिगावच्या त्या मुलाला मी विचारले आहे. पहिले प्रकरण तो वाचणार आहे.