मदत हवी आहे: वेल्डिंगनंतर बीमला बाक आलाय, हीटिंग कुठे मारू?

नमस्कार मंडळी, गोव्यात कुंडईला आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ६ मीटरचा आय बीम (I आकाराची तुळई), एमएस म्हणजे माइल्ड स्टील, वरच्या फ्लँजवर (आडव्या पात्यावर) १० एमएमची पट्टी दोन्ही बाजूंनी सलग वेल्ड मारून बसवली आणि थंड झाल्यावर दोरी लावून बघितलं तर मधोमध १४ एमएम बाक, पोट खाली. स्किप वेल्डिंग (मध्ये जागा सोडत तुकड्यातुकड्याने वेल्ड) करायला हवं होतं, ते आता कळतंय.

काल बाक काढायला टॉर्चने खालच्या फ्लँजला हीटिंगचे आडवे पट्टे आणि वेबवर (मधल्या उभ्या पात्यावर) व्ही आकाराचा पट्टा मारला, टोक वर वेल्डकडे, रुंद तोंड खाली, गडद लाल होईपर्यंत तापवलं, पूर्ण गार झाल्यावर ९ एमएमवर आला. पण फ्लँज एका अंगाला थोडी पिळली, बहुतेक व्ही वेबच्या एकाच बाजूने तापवला म्हणून. आता दोन्ही बाजूंनी दोन टॉर्च एकदम लावू का? पुढचा व्ही जुन्याच जागी की बाजूला सरकवून? हेल्पर म्हणतो लाल असतानाच पाणी मार, लवकर ओढतं, मी दिलं नाही, स्टील कडक होऊन तडकायची भीती वाटते. ६५० डिग्रीच्या वर जायचं नाही एवढं माहीत आहे, पण टेंपरेचर चॉक (ठराविक तापमानाला वितळणारा खडू) फोंड्यात कुठे मिळेल? बीम सोमवारी वास्कोला द्यायचाय, कोणी हे हाताने केलं असेल तर प्लीज सांगा.