शारीरिक शिक्षण : महाविद्यालयात शिकवायचे आहे, तयारी कोणत्या पदासाठी करावी?

नमस्कार. मी सांगलीत राहते, वय ३३. पदवीच्या काळात शिवाजी विद्यापीठाच्या खो-खो संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळले, पुढे एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी) ५९ टक्क्यांनी पूर्ण केले. सध्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि सकाळी एका जिममध्ये प्रशिक्षक म्हणून काम करते.

मला वर्गात शिकवण्याची मनापासून ओढ आहे. पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला, तेव्हा मी जिमखान्यातल्या लाकडी बाकावर मुलींची हार्वर्ड स्टेप टेस्ट, म्हणजे बाकावर चढउतार करून नंतर नाडीचे ठोके मोजण्याची चाचणी, घेतली. मिनिटाला ३० वेळा चढउतार करून खाली बसल्यावर कित्येकींना स्वतःच्या मनगटावर नाडी सापडेना, आणि सापडल्यावर ‘माझे ठोके हिच्यापेक्षा उशिरा का उतरतात?’ असे प्रश्न तास संपल्यावरही चालू राहिले. मला हेच शिकवायचे आहे. परंतु सहकारी सांगतात की शारीरिक शिक्षण संचालकपदासाठीच प्रयत्न कर. या पदाची आणि सहायक प्राध्यापकपदाची पात्रता वेगळी आहे का? आधी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्यावी की पीएच.डी.ला प्रवेश घ्यावा? जिममधील अनुभव धरला जातो का? कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

ताई, मी सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात संचालक होतो, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दोन्ही पदांना पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के आणि नेट किंवा सेट (राज्य पात्रता परीक्षा) लागते, आणि सुरुवातीचे मूळ वेतनही सारखेच, ५७,७०० रुपये आहे. संचालकपदासाठी मात्र आंतरमहाविद्यालयीन, आंतरविद्यापीठ, राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेतील सहभागाचा पुरावा आणि शारीरिक क्षमता चाचणी अधिक लागते. ४० वर्षांपर्यंतच्या महिलांना ८ मिनिटांत ८०० मीटर धावून किंवा चालून पूर्ण करायचे असतात. तुमच्यासारख्या खेळाडूला ही अडचण नाही, परंतु स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्र आजच शोधून ठेवा.

खरा फरक कामात आहे. संचालकाचे वर्ष संघनिवड, सराव, स्पर्धा आणि जिमखान्याचा हिशेब यांत जाते, आणि वर्गात उभे राहायला वेळ थोडाच उरतो. तुम्ही वर्णन केलेले अध्यापन प्रामुख्याने बी.पी.एड. आणि एम.पी.एड. महाविद्यालयांत असते, आणि अशी महाविद्यालये आपल्या भागात मोजकीच आहेत. म्हणून मन सहायक प्राध्यापकपदावर ठेवा, अर्ज मात्र दोन्हीकडे करा.

आधी नेट द्या. २०२३ च्या दुरुस्तीनंतर महाविद्यालयातच नव्हे, तर विद्यापीठातही सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही. निकाल हाती आला की आपले नाव कोणत्या गटात आहे ते नीट पाहा, कारण आता ‘फक्त पीएच.डी. प्रवेश’ असाही एक गट असतो आणि त्याने प्राध्यापकपदाची पात्रता मिळत नाही. पुणे विद्यापीठामार्फत महाराष्ट्र आणि गोव्यासाठी होणारी सेटही सोबत द्या, अभ्यासाचा पाया एकच आहे.

जिममधील वर्षे अध्यापनाचा अनुभव म्हणून धरली जात नाहीत. तासिका तत्त्वावरील काम मोजले जावे यासाठी प्रत्येक वर्षाचे नियुक्तिपत्र, विद्यापीठाच्या मान्यतेचे पत्र आणि प्राचार्यांच्या सहीचा अनुभव दाखला त्या-त्या वर्षीच मागून घ्या. प्राचार्य बदलल्यावर जुने दाखले मिळवताना फार हेलपाटे पडतात.