हप्त्याच्या पैशाने कोकणातला माणूस परावलंबी होतोय का?

कातळावरचा (राजापूर)
लाडकी बहीणचे महिन्याला १५००, रेशनवर माणशी ५ किलो धान्य, किसान सन्मानचे वर्षाला ६०००. कुणाच्या तोंडचा घास काढा असं मी म्हणत नाही. पण लावणीला माणूस मिळत नाही, आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून माणसं येतात, मळे ओस पडलेत. धडधाकट माणसाला घरबसल्या पैसे मिळाले की उमेद संपते. सरकारने काम द्यावं.

खाडीकाठ (वेंगुर्ला)
मळे काय लाडकी बहीण आली त्या जुलै २०२४ पासून ओस पडले? गिरण्यांच्या काळापासून तरणी पोरं मुंबईला गेली आणि मागची घरं मनिऑर्डरवर चालली. तेव्हा उमेद गेली नाही ती? आणि कलमांचं काय? १९९० साली रोजगार हमीतून फळबाग योजना आली, खड्डे-रोपं-खतांचा खर्च सरकारने उचलला, म्हणून वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर आज आंबा-काजू दिसतो. बागायतदाराने घेतलेलं चालतं, बाईने घेतलं की खुपतं, हे मला पटत नाही.

कातळावरचा
फळबाग तर माझंच म्हणणं सिद्ध करते. खड्डे आम्ही खणले, उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणून झाडं जगवली. वि. स. पागेंनी मांडलेली रोजगार हमी तशीच, मागेल त्याला काम, आणि पाठीशी १९७७ चा कायदा. लाडकी बहीण नुसत्या शासन निर्णयावर चालते. उद्या निकष बदलले तर दाद कुठे मागणार?

काजूवाली (सावंतवाडी)
फळबाग मिळाली ती सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला. आमचा सातबारा सामाईक, निम्मे हिस्सेदार मुंबईत, माझं तर नावच नाही. मी कारखान्यात काजू फोडते. टरफलातलं तेल लागलं की बोटांची सालं निघतात, खोबरेल चोपडून बसावं लागतं. दीड हजार आले म्हणून मी काम सोडलं नाही, मालकाकडून उचल घ्यायची सोडली. उचल अंगावर असली की मजुरी वाढवून मागायला तोंड उघडत नाही. यंदा आम्ही चौघींनी मागितली.

कातळावरचा
ताई, उचल सुटली हे मोठंच झालं, ते मी मानतो. पण म्हणूनच म्हणतो, ज्याच्यावर तुम्ही उभ्या आहात ते कुणाच्या मर्जीवर नको.

काजूवाली
मग कायदा मागू, मी येते. पण तोवर हप्ता बंद करा म्हणू नका. आणि ग्रामसभेत एक विषय तुम्ही मांडा, सामाईक सातबाऱ्यावर बायकांची नावं चढवण्याचा. फळबागेचा अर्ज मग मीही भरेन.