शब्दचर्चा: मध्यस्थी, बघ्या, मौन

प्रश्न: घरातल्या हिंसेविरुद्ध पुरुषांनी उघड भूमिका घ्यावी, असं आवाहन लिहायचं आहे. 'शेजारी मारहाण होत असेल तर मध्यस्थी करा' हे वाक्य चालेल का? 'बायस्टँडर'ला 'बघ्या' म्हणावं का?

उत्तर: 'मध्यस्थी' नकोच. मध्यस्थ दोघांना समजावतो, दोघांनाही थोडं थोडं सोडायला लावतो. पैशांच्या वादात ते ठीक, पण इथे एक जण मारतोय आणि दुसरी मार खातेय. मध्यस्थी करायला गेलेला माणूस हटकून 'तूही जरा गप्प बसायचंस' इथवर येतो. वर मारणाऱ्यासमोरच तिला बोलतं केलं, तर पाहुण्यांची पाठ वळल्यावर तिलाच भोगावं लागतं. 'हस्तक्षेप' अर्थाने बरोबर असला तरी त्याला ढवळाढवळीची छटा आहे. त्यापेक्षा कृतीच लिहा: 'बेल वाजवा, काहीतरी मागा, आणखी दोघांना सोबत न्या. हत्यार दिसलं तर आत शिरू नका, पोलिसांना फोन करा.' भारतात 2008 साली सुरू झालेल्या मोहिमेचं नावच 'बेल बजाओ' होतं, ते याचसाठी.

'बघ्या'त हिणवणं आहे. ज्याला सोबत घ्यायचं त्याला पहिल्याच शब्दात टोचू नये. शिवाय ही हिंसा दिसते कमी, भिंतीपलीकडून ऐकू जास्त येते. 'ज्यांच्या कानावर येतं ते' असं लिहिलेलं बरं.

पुरवणी: वाक्यातला कर्ताही तपासा. 'तिला मार बसला', 'तिच्यावर अत्याचार झाले' यांत मारणारा कुठेच नाही. 'नवऱ्याने तिला मारलं' असं लिहा. 'भांड्याला भांडं लागायचंच' ही म्हण तर अशा मजकुरात अजिबात नको, ती दोघांना एकाच पारड्यात टाकते.

आणि गळा दाबणं 'मारहाण' या शब्दाखाली झाकू नका, ते वेगळं लिहा. बाहेरून वळ न दिसताही आत इजा झालेली असू शकते, त्रास काही तासांनी किंवा दिवसांनीही सुरू होतो. ज्याने एकदा गळा दाबला, त्याच्या हातून पुढे तिचा जीव जाण्याचा धोका बराच वाढतो. तिला लगेच डॉक्टरकडे न्यायला हवं, हेही त्याच ओळीत हवं.

आणखी एक: पुरुषांच्या 'पांढरी फीत' (व्हाइट रिबन) या हिंसाविरोधी मोहिमेची शपथ मराठीत आणताना दोन ठिकाणी घसरायला होतं. माँट्रियलमध्ये 6 डिसेंबर 1989 रोजी 14 स्त्रियांची हत्या झाली. त्यानंतर 1991 मध्ये कॅनडातल्या पुरुषांनी ही मोहीम सुरू केली. शपथ तीन गोष्टींची: हिंसा करणार नाही, खपवून घेणार नाही, गप्प बसणार नाही. दुसऱ्या जागी 'समर्थन करणार नाही' लिहिलं तर पळवाट राहते. उघड समर्थन फार थोडे करतात, खपवून घेणारेच जास्त. तिसऱ्या जागी 'मौन' नको. मौनाला आपल्याकडे व्रताचा मान आहे, इथे 'गप्प बसणं'च हवं.

प्रश्न: आणि 'उघड' म्हणजे किती उघड?

उत्तर: भूमिका पुरुषाची उघड व्हावी, तिची हकिगत नव्हे. तिचं नाव, फोटो, घरातला व्हिडिओ तिच्या संमतीशिवाय कुठेही टाकू नये. मारणाऱ्या मित्राशी बोलायचं तर तो शुद्धीवर आणि एकटा असताना: 'तू तिच्यावर हात उचललास, हे मला चालणार नाही.' तेही आधी तिला एकटीला गाठून, 'त्याच्याशी बोललो तर तुला त्रास होईल का?' असं विचारून. ती नको म्हणाली तर बोलू नये. ती हो म्हणाली तरी 'ती मला म्हणाली' हे शब्द तोंडातून येता कामा नयेत.