उपग्रह प्रतिमेवरून झाडांची विविधता : राव निर्देशांक उलटंच उत्तर देतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दूरसंवेदन आणि जंगल या दोन्हींत हात असलेल्या जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

मिश्र पानझडी जंगलातली वृक्षविविधता सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमांवरून काढता येते का, ते बघतोय. जमिनीवरची मोजणी झाली आहे : २०×२० मीटरचे प्लॉट, छातीच्या उंचीवर १० सेंमीहून जाड असलेलं प्रत्येक झाड, त्याची जात, आणि त्यावरून शॅनन निर्देशांक (जाती किती आणि प्रत्येकीचा वाटा किती, यावरून विविधता सांगणारा आकडा). प्रतिमेच्या बाजूनं पावसाळा संपल्यानंतरची एक निरभ्र तारीख निवडली, एनडीव्हीआय (लाल आणि अवरक्त प्रकाशावरून हिरवेपणा सांगणारा आकडा) काढला आणि ५×५ पिक्सेलची खिडकी फिरवून रावचा क्यू निर्देशांक (पिक्सेलच्या आकड्यांमधलं अंतरही धरणारं विविधतेचं माप) काढला. गृहीतक सर्वांना माहीत असलेलंच : वर्णपटात फरक जास्त, तर जातीही जास्त.

नकाशा मात्र भलतंच सांगतोय. सगळ्यात जास्त 'विविधता' जंगलाच्या कडेला, रस्त्यालगत आणि उघड्या कातळाभोवती दिसते. आतल्या दाट पट्ट्यात, जिथे प्लॉटमध्ये जाती सर्वाधिक मिळाल्या, तिथे नकाशा सपाट. प्रतिमेवरही शॅननच चालवून पाहिला, तर जवळजवळ सगळीकडे एकच आकडा येतो. खिडकी बदलू, की निर्देशांक, की हा नादच सोडू?

प्रतिसाद १

नाद सोडू नका, एनडीव्हीआय सोडा. दाट छत्रावर (झाडांच्या शेंड्यांच्या सलग थरावर) तो संपृक्त होतो. पानं आणखी वाढली तरी आकडा जागचा हलत नाही, मग फरक दिसणार कुठून? कडेला मात्र एकाच खिडकीत माती, गवत आणि झाड येतं, आणि राव क्यू पिक्सेलमधलं अंतर मोजत असल्यामुळे तिथे उसळी घेतो. तो त्याचं काम चोख करतोय. त्याला झाड आणि कातळ वेगळे ठेवायला तुम्ही सांगितलेलं नाही. आधी जंगल नसलेले आणि गडद सावलीतले पिक्सेल मास्क करा, म्हणजे गणनेतून वगळा. शॅननचं कोडं सोपं आहे : दशांशातला प्रत्येक आकडा तो स्वतंत्र वर्ग धरतो, त्यामुळे खिडकीतला प्रत्येक पिक्सेल वेगळा ठरतो. शॅननच हवा असेल तर आधी पिक्सेलचे गट पाडा.

मग वर्णपटाचे सगळे उपयोगी पट्टे घ्या, खासकरून लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचे रेड-एज (७०५, ७४० आणि ७८३ नॅनोमीटर) आणि लघुतरंग अवरक्त. हरितद्रव्य, पाणी, पानाची जाडी यांतले फरक तिथे उमटतात. या पट्ट्यांचा पिक्सेल २० मीटरचा आहे, हे लक्षात असू द्या. त्यावर पीसीए (अनेक पट्ट्यांतली माहिती थोड्या घटकांत गोळा करणारी पद्धत) करून पहिले काही घटक वापरा. आर ही संगणकभाषा वापरत असाल तर तिच्यातलं बायोडिव्हमॅपआर हे पॅकेज हेच करतं : घटकांवरून 'वर्णपटीय जाती' पाडतं आणि मग विविधता मोजतं.

आणि एकच तारीख का? पानझडी जंगलात कोण आधी पानं टाकतं, कोणाला पालवी उशिरा फुटते, यातच जाती ओळखू येतात. माझ्या मते तुमच्याकडचं सगळ्यात मोठं हत्यार हेच आहे, आणि ते वापरायचं राहिलंय.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. भर एवढीच : १० मीटरच्या पिक्सेलनं तुमची खिडकी ५०×५० मीटरची, म्हणजे २५०० चौ. मी.; प्लॉट ४०० चौ. मी.चा. सहापट क्षेत्राची तुलना चालू आहे. त्यात दाट छायेत हातातला जीपीएस ५-१० मीटर सहज हुकतो. खिडकी लहान केली तर पिक्सेल पुरत नाहीत, त्यामुळे जवळजवळचे प्लॉट एकत्र करून जुळवणं बरं. पडताळणीत शेजारचे प्लॉट प्रशिक्षण आणि चाचणी अशा दोन्हीकडे वाटले गेले तर अचूकता फुगून दिसते. प्लॉट भौगोलिक गटांनी विभागा. आणि छत्राखालची झुडपं, रोपं प्रतिमेत येतच नाहीत, तेव्हा दावा वरच्या थरातल्या झाडांपुरताच ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. मास्क आणि पट्टे आजच बदलतो. एक शंका राहिली : पानगळीच्या काळात पानं झडलेल्या झाडांमधून जमीन दिसू लागते, मग तो फरकही राव क्यू विविधता म्हणूनच मोजेल ना? त्या तारखा आधी मातीचा वाटा वजा करून घ्यायच्या, की मालिकेतून वगळायच्या?